गोळा फेकणारा सचिन

१. फेकणे आपल्याला नवे नाही

भाताच्या लोंबीत दाणा भरू लागला, की पाखरांची धाड येते. मग आपण माळ्यावर उभे राहतो. गोफणीत दगड घालतो. गोफण डोक्याभोवती गरगर फिरवतो आणि नेमक्या वेळी एक टोक सोडतो. दगड सूं करून जातो. सगळा थवा भुर्रकन उडतो.

डहाणूच्या खाडीत कोळी पाग टाकतो. तो आधी कंबरेतून वळतो. मग हात सोडतो, आणि जाळे हवेत गोल पसरते. तलासरीची माणसे वीटभट्टीवर जातात. तिथे खालचा गडी वीट फेकतो, वरचा गडी ती अलगद झेलतो. भाताची उडवी रचायची तर भारा वर फेकावाच लागतो.

या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे. जोर नुसत्या हाताचा नसतो. तो पायातून निघतो, कंबरेतून चढतो, खांद्यात येतो आणि शेवटी हातातून बाहेर पडतो. भारा फेकणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलेले नसते. तिचे अंगच ते शिकते.

या धड्यात आपण अशाच एका फेकणाऱ्याची गोष्ट वाचणार आहोत. त्याचे नाव सचिन सर्जेराव खिलारी. तो दगड फेकत नाही, भारा फेकत नाही. तो लोखंडाचा गोळा फेकतो. ४ सप्टेंबर २०२४ रोजी फ्रान्स देशात, पॅरिस शहरात, त्याने भारतासाठी रुपेरी पदक जिंकले.

आणि ऐका, मंडळी. सचिनचा एक हात लहानपणीच निकामी झाला आहे.

मग त्याने हे केले कसे? चला, नीट समजून घेऊ.

२. फेकीचे चार खेळ

मैदानी खेळांत फेकायच्या वस्तू चार. गोळा, थाळी, भाला आणि हातोडा.

गोळा म्हणजे लोखंडाचा भरीव चेंडू. थाळी म्हणजे जेवणाची थाळी नव्हे. कडेला पातळ नि मध्ये जाड अशी ती जड चकती. भाला तर आपण ओळखतोच. आता राहिला हातोडा. हे नाव ऐकून सुताराचा हातोडा डोळ्यांपुढे येईल. पण आजचा खेळातला हातोडा तसा नसतो. एक लोखंडी गोळा, त्याला सुमारे चार फूट लांब तार आणि तारेच्या टोकाला मूठ. झाला हातोडा!

पूर्वी स्कॉटलंडमध्ये माणसे जत्रेच्या वेळी खराखुरा घण फेकीत. लांब दांडा आणि पुढे जड डोके. ज्याचा घण लांब जाईल तो गडी बळकट. पुढे दांडा गेला, तार आली. नाव मात्र हातोडाच राहिले.

हातोडा फेकणारा मूठ दोन्ही हातांनी धरतो. आधी गोळा डोक्याभोवती फिरवतो. मग स्वतःच तीनचार गिरक्या घेतो. दर गिरकीला वेग वाढतो. शेवटी मूठ सोडतो. हे वाचून काय आठवले? गोफणच ना! गोफणीतला दगड आणि तारेचा गोळा, दोघांचे गणित एकच. जितका फेर मोठा, जितका वेग जास्त, तितकी झेप लांब. फरक इतकाच, की गोफणीत मूठभर दगड असतो. पुरुषांच्या हातोड्याचे वजन मात्र ७.२६ किलो असते. म्हणजे सव्वासात किलोहून थोडे जास्त. १९८६ साली सोव्हिएत संघाच्या युरी सेदिखने हा हातोडा ८६.७४ मीटर दूर फेकला.

आपल्या देशातला एक हातोडा फेकणारा तर घराघरांत ठाऊक आहे. पण लोक त्याला दुसऱ्याच नावाने ओळखतात. १९८८ साली दूरदर्शनवर महाभारत सुरू झाले. रविवारी सकाळी गावात ज्याच्याकडे टीव्ही असे, त्याच्या ओटीवर सारी आळी जमे. त्यातला गदा घेतलेला भीम आठवतो ना? तो होता पंजाबचा प्रवीणकुमार सोबती. भीम होण्यापूर्वी तो थाळी आणि हातोडा फेकीत असे. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई खेळांत त्याने थाळीफेकीत सुवर्णपदक आणि हातोडाफेकीत कांस्यपदक जिंकले. त्याच वर्षी किंग्स्टन येथे राष्ट्रकुल खेळांत त्याला हातोडाफेकीत रुपेरी पदक मिळाले. २०२२ साली तो वारला.

प्रवीणकुमार देहाने खरोखरच भीम होता. कुणी म्हणेल, ‘असली अंगकाठी असेल तर फेकणे आलेच. त्यात नवल काय?’ म्हणून तर आम्ही सचिनची गोष्ट निवडली.

३. गोळा कसा फेकतात?

आधी खेळ समजला पाहिजे. जमिनीवर एक वर्तुळ असते. त्याची आडवी रुंदी २ मीटर १३.५ सेंटीमीटर, म्हणजे सात फूट. पुढच्या बाजूला एक बुटकी लाकडी फळी बसवलेली असते. फेकणाऱ्याने वर्तुळातच राहायचे. फळीला आतून पाय टेकलेला चालतो. फळीवर पाय पडला की फेक बाद.

गोळा दगडासारखा भिरकवायचा नसतो. तो मानेला, हनुवटीखाली टेकवून धरायचा आणि तिथून एका हाताने ढकलायचा. हात खांद्याच्या मागे न्यायचा नाही. फेकणारा आधी पाठमोरा उभा राहतो, गुडघा वाकवतो, मग सरकत किंवा गिरकी घेत पुढे येतो. पायाचा रेटा कंबरेत, कंबरेचा रेटा खांद्यात. शेवटी बोटांनी धक्का.

गोळा पडला की जमिनीवर खड्डा उमटतो. खड्ड्याची जी कड वर्तुळाच्या जवळ असेल, तिथपासून वर्तुळाच्या आतल्या कडेपर्यंत माप घेतात. गोळा घरंगळत कुठवर गेला ते मोजत नाहीत. फेकणाऱ्याने वर्तुळातून बाहेर पडायचे तेही मागल्या बाजूने. भान हरपून पुढे धावला, तर उत्तम फेकसुद्धा फुकट जाते.

आता एक प्रश्न. गोळा एकाच हाताने फेकायचा, मग दुसऱ्या हाताचे काम काय? काम आहे. तो हात तोल राखतो. तो पुढे उगारलेला असतो, मग झटक्याने मागे येतो आणि छाती फिरवायला मदत करतो. विहिरीतून पाणी ओढताना एक हात दोरी धरतो, दुसरा काठावर आधार घेतो. तसेच हे आहे. तो आधाराचा हात दुबळा असेल, तर सगळा तोल नव्याने शिकावा लागतो. सचिनला हेच करावे लागले.

४. करगणीचा मुलगा

सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुका आहे. त्यात करगणी हे गाव. आपल्याकडे पावसाळ्यात ओढेनाले दुथडी भरून वाहतात. तिकडे तसे नाही. तो माणदेश, पाऊस कमी. दुष्काळ तिकडच्या लोकांच्या पाचवीलाच पुजलेला. अशा गावात, शेतकऱ्याच्या घरी, २३ ऑक्टोबर १९८९ रोजी सचिनचा जन्म झाला. त्याची आई तो लहान असतानाच वारली.

शाळेत असताना तो सायकलवरून पडला. हात मोडला. पुढे हातात जखम चिघळली आणि मांस सडले. वैद्यकात याला गँगरीन म्हणतात. कोपराचे स्नायू गेले. शस्त्रक्रिया झाल्या. एक नव्हे, अनेक. तरी तो हात पहिल्यासारखा झाला नाही.

५. मोडलेला हात: इथे थोडे थांबू

मुलाचा हात मोडणे ही आपल्याकडेही काही विशेष गोष्ट नाही. ताडावरून, चिकूच्या झाडावरून, बैलगाडीवरून माणसे पडतात. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवू.

स्नायूला रक्त लागते. रक्त पोचले नाही, तर स्नायू काही तासांतच मरू लागतो. हाड मोडले की आत सूज येते. वरून पट्टी किंवा कामट्या करकचून बांधल्या, तर सुजेला जागा उरत नाही आणि रक्ताची वाट बंद होते.

तेव्हा मोडलेला हात हलू देऊ नये, पण आवळूनही बांधू नये. फडक्याची झोळी करून गळ्यात अडकवावा. मग बोटांकडे पाहत राहावे. बोटे गार पडली, निळी किंवा पांढरी झाली, मुंग्या आल्या, बोट सरळ करताना मूल किंचाळले, तर एक घटकाही थांबू नये. उद्या सकाळी जाऊ म्हणू नये. तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. डहाणूला आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. १०८ क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका येते. जखम उघडी असेल तर ती धुवून घ्यावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. जखमेत शेण, माती, राख भरू नये.

हाड उशिरा जुळले तरी चालते. मेलेला स्नायू मात्र परत येत नाही. सचिनचा हात परत आला नाही.

६. जे उरले त्याचे काय करायचे?

सचिन शिकला. यंत्रांचा अभ्यास करून तो इंजिनियर झाला. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांना तो शिकवीतही असे. खेळाची ओढ होतीच. आधी त्याने भाला हाती घेतला. भालाफेकीत एक हात पुरतो. पण पुढे त्याचा खांदा दुखावला. भाला सोडावा लागला.

विचार करा. एक हात आधीच अधू. दुसऱ्या हाताचा खांदा दुखावलेला. ‘आता पुरे झाले बाबा’ असे घरच्या माणसांनी म्हटले असते, तरी कुणी त्यांना नावे ठेवली नसती. सचिनने खेळ सोडला नाही, वस्तू बदलली. भाल्याऐवजी गोळा घेतला. भाल्यात खांद्याला जोराचा हिसका बसतो. गोळ्यात हिसका नाही, रेटा आहे. पाय, मांड्या, पाठ आणि कंबर त्याच्याजवळ धडधाकट होत्या. त्यांच्यावर त्याने मेहनत घेतली.

गेलेल्या हाताचा हिशेब करीत बसले, तर बेरीज कधी होत नाही. उरलेल्याचा हिशेब मांडला, तर त्यात भर घालता येते. सचिनने दुसरा हिशेब मांडला. नि तो हिशेब आकड्यांत लिहिता येतो. तोच आपण पुढे वाचणार आहोत.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. अपंग खेळाडूंचे सामने वेगळे होतात. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे एक रुग्णालय होते. लढाईत जायबंदी झालेले शिपाई तिथे खाटेवर पडून असत. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून खेळायला लावले. १९४८ साली त्यांचे सामने भरले. १९६० साली रोम शहरात जगातल्या अपंगांचे मोठे सामने झाले. त्यालाच पुढे पॅरालिंपिक म्हणू लागले.

भारताला तिथले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले ते मुरलीकांत पेटकर यांनी. तेही सांगली जिल्ह्याचेच. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या होत्या. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले.

या सामन्यांत खेळाडूंचे गट पाडतात. ज्याचा पाय नाही तो एका गटात, ज्याला दिसत नाही तो दुसऱ्या गटात. सारख्याची सारख्याशी गाठ. सचिनचा गट एफ-४६. या गटातल्यांच्या हातात दोष असतो, पाय चांगले असतात. गटागणिक गोळ्याचे वजनही ठरवून दिलेले असते.

७. टिंबाचे आकडे वाचू या

आता पाटी घ्या. हा आकडा लिहा: १६.३२

मधे टिंब आहे. टिंबाच्या डावीकडे पुरे मीटर. उजवीकडे सेंटीमीटर. शंभर सेंटीमीटरांचा एक मीटर होतो. रुपये-पैशांसारखेच. १६.३२ रुपये म्हणजे सोळा रुपये बत्तीस पैसे. १६.३२ मीटर म्हणजे सोळा मीटर बत्तीस सेंटीमीटर. अंगणात मोठ्या माणसाने साधारण बावीस पावले चालावे, म्हणजे इतके अंतर होते.

आता सचिनचे आकडे वाचा.

जुलै २०२३. पॅरिस, जागतिक स्पर्धा. १६.२१ मीटर. सुवर्णपदक.
ऑक्टोबर २०२३. चीन देशातले हांगझोऊ, आशियाई स्पर्धा. १६.०३ मीटर. सुवर्णपदक.
मे २०२४. जपानमधले कोबे, जागतिक स्पर्धा. १६.३० मीटर. सुवर्णपदक.
सप्टेंबर २०२४. पॅरिस, पॅरालिंपिक. १६.३२ मीटर. रुपेरी पदक.

हांगझोऊ आणि कोबे या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहा. १६.०३ आणि १६.३०. आकडे तेच. एक, सहा, शून्य, तीन. पण शून्याने जागा बदलली आणि माप बदलले. पहिला आहे सोळा मीटर तीन सेंटीमीटर. दुसरा आहे सोळा मीटर तीस सेंटीमीटर. दोहोंत सत्तावीस सेंटीमीटरांचा फरक. मोठी वीतभर, नि वर आणखी थोडे! शून्याला किंमत नाही असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरे पाहा. जुलै २०२३ मध्ये १६.२१. मे २०२४ मध्ये १६.३०. सप्टेंबर २०२४ मध्ये १६.३२. आधी नऊ सेंटीमीटर वाढले. मग दोन. चौदा महिन्यांत सगळे मिळून अकरा सेंटीमीटर. आपली अर्धी वीत! रोज पहाटे उठायचे, घाम गाळायचा, जड लोखंड उचलायचे आणि वर्ष उलटल्यावर पदरात पडायची अर्धी वीत. मधे हांगझोऊला तर आकडा खालीच आला होता. तरी त्याने काम चालू ठेवले.

वाचायला शिकणाऱ्यालाही असाच अनुभव येतो. महिनाभर बसूनही जोडाक्षर अडते. कालचे आज आठवत नाही. वाटते, आपले डोके चालत नाही. डोके चालत असते. वाढ अर्ध्या वितेची असते, म्हणून दिसत नाही. पहिल्या दिवशीची पाटी आणि आजची पाटी शेजारी ठेवली, की ती दिसते.

८. पॅरिसच्या सहा फेकी

पॅरिसच्या मोठ्या मैदानावर ४ सप्टेंबर २०२४ रोजी सामना झाला. सचिनचे वय तेव्हा ३४. समोर कॅनडाचा ग्रेग स्टुअर्ट होता. त्याची उंची सात फूट दोन इंच. आपल्या घराच्या दारातून तो वाकल्याशिवाय आत येणार नाही. टोकियोच्या पॅरालिंपिकमधले सुवर्णपदक त्याच्याच नावावर होते. क्रोएशिया देशाचा लुका बाकोविच हाही तयारीचा गडी.

सचिनला सहा फेकी मिळाल्या. त्यांतली सर्वांत लांब फेक धरायची. त्या अशा:

पहिली फेक: १४.७२
दुसरी फेक: १६.३२
तिसरी फेक: १६.१५
चौथी फेक: १६.३१
पाचवी फेक: १६.०३
सहावी फेक: १५.९५

पहिली फेक पाहा. १४.७२. त्याच्या नेहमीच्या फेकीपेक्षा दीड मीटरने कमी. इतक्या लांबून आलो, सारे जग पाहते आहे आणि पहिलीच फेक अशी फसली! पण फसलेली फेक फीत उचलली की संपते. तो पुन्हा वर्तुळात उतरला. गोळा हनुवटीखाली लावला. दुसरी फेक १६.३२. सचिनच्या तोवरच्या फेकींत ही सर्वांत लांब. आशिया खंडात या गटात इतक्या लांब कुणीच फेकला नव्हता.

तिन्ही विजेत्यांचे माप असे:

ग्रेग स्टुअर्ट: १६.३८, सुवर्ण
सचिन खिलारी: १६.३२, रुपेरी
लुका बाकोविच: १६.२७, कांस्य

वजाबाकी करा. पहिल्यात आणि दुसऱ्यात सहा सेंटीमीटर. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात पाच. आपली तीन बोटे एकमेकांना चिकटवून ठेवा. साधारण तेवढीच रुंदी. सोळा मीटर लांब फेकायचे आणि तीन बोटांवर निकाल लागायचा!

आता सचिनच्या सहा फेकींतून दुसरी आणि चौथी झाकून ठेवा. उरलेल्यांत मोठी फेक कोणती? १६.१५. मग बाकोविच पुढे गेला असता. म्हणजे रुपेरी पदक या दोन फेकींनी राखले. नि त्यांतली एक, फसलेल्या फेकीनंतर लगेच आलेली होती.

भारताच्या पुरुषाला पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीचे पदक याआधी १९८४ साली मिळाले होते. ते जोगिंदरसिंग बेदी यांनी मिळवले. मधे चाळीस वर्षे गेली. २०१६ साली दीपा मलिक या बाईंनी बसून गोळा फेकला आणि रुपेरी पदक आणले. पण पुरुषांत चाळीस वर्षांनी पदक आणले ते करगणीच्या सचिनने. पुढे केंद्र सरकारने त्याला अर्जुन पुरस्कार दिला.

९. फीत कुणाचे तोंड पाहत नाही

या खेळातली आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे फीत. ती सात फुटी गड्याला झुकते माप देत नाही. अधू हाताची कीव करीत नाही. खेळाडू श्रीमंताचा की गरिबाचा, गोरा की काळा, हे ती विचारीत नाही. खड्ड्यापासून वर्तुळापर्यंत जितके अंतर तितकेच सांगते.

पण फीत खरे सांगते ते कधी? सगळ्यांना वाचता येते तेव्हा. मैदानावर माप सर्वांच्या देखत घेतात. आकडा पाटीवर लावतात. फेकणारा स्वतः तो वाचतो. काही चुकले असेल तर तिथेच हरकत घेतो.

आता आपल्या कामाकडे वळू. मातीकामाची मजुरी खड्डा मोजून ठरते. समजा, तुम्ही ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर खोल खड्डा खणला. तिन्हींचा गुणाकार करा. ६ घनमीटर काम झाले. पण वहीत खोली एक मीटर न लिहिता ९४ सेंटीमीटर लिहिली गेली, तर? काम भरते ५.६४ घनमीटर. कमी किती लिहिली? सहाच सेंटीमीटर. तीन बोटे. सुवर्ण आणि रुपेरी यांत जेवढा फरक होता, तेवढाच!

मैदानावर तीन बोटांसाठी पंच वाकून पाहतात. मग आपल्या घामाची तीन बोटे कुणी का पाहू नयेत? दुसऱ्याने पाहण्याची वाट बघू नका. माप घेताना जवळ उभे राहा. फीत स्वतः वाचा. आकडा आपल्या वहीत उतरून घ्या. टिंब कुठे आहे ते बघा. शून्य कुठे आहे ते बघा. वीटभट्टीच्या उचलीची वहीसुद्धा अशीच वाचायची. लिहिणारा प्रामाणिक असेल तर त्याला राग यायचे कारण नाही. तो प्रामाणिक नसेल, तर तुम्हांला वाचता येते एवढे कळले तरी त्याचा हात सावध होतो.

१०. आपल्या मुलांसाठी

आपल्या मुलांच्या अंगात फेक आहे. गोफण, गलोल, दगड मारून चिंचा पाडणे, यातच ती वाढतात. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांत गोळा, थाळी आणि भाला असतो. मुलीही फेकतात. मुलाने किंवा मुलीने खेळात नाव दिले, तर ‘खेळून काय पोट भरणार?’ म्हणून मागे ओढू नका. विचारा, ‘किती मीटर गेला? मागल्या वेळी किती गेला होता?’ आईबापांनी आकडा विचारला, की मूल आकडा लिहून ठेवू लागते.

घरात एखादे मूल अपंग असेल, तर त्याला झाकून ठेवू नका. आज अशा व्यक्तीला दिव्यांग म्हणतात. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत. सरकारी रुग्णालयात तपासणी करून दाखला मिळतो. दोष ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत राखीव जागांचा हक्क मिळतो. दिव्यांगांच्या सामन्यांत उतरायलाही वैद्यकीय तपासणी आणि दाखला लागतो. शाळेतल्या गुरुजींना विचारा. सामन्यांत ‘बस, तू बघ’ असे त्या मुलाला सांगू नका. त्याच्या हातीही गोळा द्या. त्याच्यासाठीही फीत लावा.

सगळ्यांनाच काही पदक मिळत नाही. पॅरिसला त्याच सामन्यात भारताचे आणखी दोघे उतरले होते, मोहम्मद यासर आणि रोहित कुमार. ते आठवे आणि नववे आले. पण त्यांचीही फेक मोजली गेली, लिहिली गेली. आपली फेक किती हे त्यांना ठाऊक आहे. पुढच्या वेळी किती वाढवायची, हेही ठाऊक आहे.

हे शब्द पुन्हा वाचा

फेक, फीत, वर्तुळ, मीटर, सेंटीमीटर, घनमीटर, स्नायू, रुपेरी, सुवर्ण, कांस्य, दिव्यांग, रुग्णालय.

उत्तरे लिहा

१. हातोडाफेक आणि गोफण यांत सारखे काय आहे?
२. हाड मोडल्यावर पट्टी करकचून का बांधू नये?
३. सचिनने भाला सोडून गोळा का घेतला?
४. १६.०३ आणि १६.३० यांत मोठा आकडा कोणता? किती सेंटीमीटरांनी?
५. सचिनच्या दुसऱ्या आणि चौथ्या फेकीत किती सेंटीमीटरांचा फरक आहे?
६. २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर खोल खड्ड्यात किती घनमीटर काम होते?

करून पाहा

एक खुंटी ठोका. तिला सुमारे १ मीटर ७ सेंटीमीटर दोरी बांधा. दोरीच्या टोकाला काटकी धरून जमिनीवर गोल रेघ ओढा. गोळाफेकीचे वर्तुळ तयार झाले. हाताला पेलेल असा गुळगुळीत दगड घ्या. पुढे कुणी उभे नाही ना, ते आधी बघा. दगड हनुवटीखाली लावून तीन वेळा ढकला. दर वेळी फितीने मोजा आणि आकडा टिंबासह वहीत लिहा. खाली तारीख घाला. महिन्याने त्याच दगडाने पुन्हा मोजा.